"आपल्या घरी कुठं मशीन?"



दीपनगरजवळच्या एका गावात गटाची मासिक बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते वहीत चढले, सह्या-अंगठे चालू होते. ज्यांच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो त्यांची सहावीतली मुलगी खांबाला टेकून गृहपाठ करत होती. तिनं मधेच विचारलं, "आई, आपल्या घरातल्या पाच साध्या यंत्रांची नावं सांग ना." आईनं वांगी चिरता चिरता उत्तर दिलं, "आपल्या घरी कुठं मशीन? एक मिक्सर व्हतं, ते बी जयेल हाये."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्या ताई ज्या विळीवर वांगी चिरत होत्या ती विळीच एक यंत्र होती! चुलीपाशी सांडशी पडलेली, खुंटीला कात्री, कोपऱ्यात जुनं जातं, अंगणापलीकडं हातपंप. मी बसल्या जागेवरून मोजलं तर नऊ झाले. मुलीचा गृहपाठ होऊन चार उरले.

सहावीच्या पुस्तकात बल, कार्य-ऊर्जा आणि साधी यंत्रं असे धडे आहेत. बऱ्याच आया म्हणतात, "पोरगी इचारते, पण मले काय समजते त्यातलं?" म्हणून या वेळी त्याच धड्यांवर लिहिते आहे. हे वाचून आपल्या मुला-मुलींना जवळ बसवा आणि हातात वस्तू घेऊन दाखवा. फळ्यापेक्षा ओट्यावर हा धडा लवकर कळतो.

आधी बल म्हणजे काय ते बघू. ओढणं किंवा ढकलणं म्हणजे बल. कणीक मळताना आपण ढकलतो, बादली शेंदताना ओढतो. पृथ्वी सगळ्या वस्तू आपल्याकडं ओढते, ते गुरुत्वीय बल. हातातून भाकरी सुटली तर ती खालीच पडते ती त्यामुळं. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की अडवणारं जे बल असतं ते घर्षण. ओल्या, तेलकट हातानं बरणीचं झाकण निघत नाही, कारण घर्षण कमी पडतं. बैलगाडीच्या आसाला वंगण घालतो, कारण तिथं घर्षण नको असतं. म्हणजे घर्षण कुठं हवं, कुठं नको, हे आपल्याला माहीतच आहे. शास्त्रात बल न्यूटनमध्ये मोजतात. एक किलो वजन उचलायला साधारण ९.८ न्यूटन बल लागतं. इथं सोयीसाठी मी किलोतच बोलते.

आता दाराशी चला. मुलाला सांगा, एका बोटानं दार लोट. तो कडीच्या बाजूनं लोटेल, दार सहज फिरेल. मग सांगा, तसंच बिजागरीच्या अगदी जवळून लोट. बोट दुखेल, दार हलायला कुरकुर करेल. दार तेच, वजन तेच. बदललं ते फक्त अंतर. बिजागरी हा टेकू. टेकूपासून जितकं लांब बल लावाल तितकं कमी बल पुरतं. ज्या दांड्याला टेकू असतो आणि एका जागी बल लावून दुसऱ्या जागचा भार हलवता येतो, त्याला पुस्तकात तरफ म्हणतात. मोठा दगड पहारीनं उलथवतो ती तरफच.

याचा हिशेब आपल्या व्याजाच्या हिशेबापेक्षा सोपा आहे. बल गुणिले त्याचं टेकूपासूनचं अंतर, बरोबर भार गुणिले त्याचं टेकूपासूनचं अंतर. मुलांना हे खरं करून दाखवायचं असेल तर ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. भिजवलेल्या कणकेच्या दोन लहान गोळ्यांत पेन्सिल आडवी बसवा, म्हणजे ती घरंगळणार नाही. पट्टीचा १५ चा आकडा बरोबर पेन्सिलीवर ठेवा. एका बाजूला पेन्सिलीपासून ५ सेंटिमीटरवर एकसारखी दोन नाणी ठेवा. दुसऱ्या बाजूला तसंच एक नाणं १० सेंटिमीटरवर ठेवा. पट्टी तोल धरेल. दोन पाचे दहा, एक दाहे दहा. मग मुलांना विचारा, तीन नाणी ५ वर ठेवली तर एक नाणं कुठं ठेवायचं? आधी सांगू नका, त्यांना सरकवत बसू द्या. हा नियम ग्रीक विद्वान आर्किमिडीजनं साधारण २२०० वर्षांपूर्वी लिहून ठेवला. त्याच्याही आधीपासून बायका सुपारी फोडत होत्या आणि जातं फिरवत होत्या, ते कोणी लिहून ठेवलं नाही इतकंच.

स्वयंपाकघरातल्या तरफा तीन जातींच्या. सांडशीत टेकू मधे असतो, पुढं पातेल्याची कड, मागं आपला हात. मागचे दांडे लांब आणि तोंड आखूड म्हणून थोड्या जोरात घट्ट पकड बसते. ही पहिल्या प्रकारची. अडकित्त्यात टेकू टोकाला, सुपारी मधे, हात दुसऱ्या टोकाला, ही दुसऱ्या प्रकारची. चिमट्यात टेकू मागच्या टोकाला, हात मधे आणि भाकरी पुढं, ही तिसरी. तिसऱ्या प्रकारात जोर वाचत नाही, उलट जास्त लागतो. मग चिमटा वापरायचा कशाला? भाकरीचं वजन ते किती! तिथं आपल्याला जोर वाचवायचा नसतो, हात विस्तवापासून लांब ठेवायचा असतो. झाडूचंही तसंच. वरचा हात टेकू, खालचा हात बल. हात थोडा हलतो आणि खालचं टोक मोठी जागा झाडतं.

विळी, सुरी, कुऱ्हाड, सुई ही पाचर. बरणीचं फिरकीचं झाकण आणि स्क्रू हे मळसूत्र. धार गेली की जोर जास्त लागतो, हे सांगायला कोणत्या पुस्तकाची गरज नाही.

आता एक आपल्याच कामातली गोष्ट सांगते, कारण हा विषय नुसता मुलांच्या मार्कांचा नाही. माझ्याकडच्या एका गटानं कर्जातून शेवयांचं हातानं चालवायचं मशीन घेतलं. पसंत करताना मीही सोबत होते. विकणाऱ्यानं सैल पीठ घालून फिरवून दाखवलं, "एकदम हलकं, बिनकष्टाचं" म्हणाला, आम्ही माना डोलावल्या. घरी आणून नेहमीचं घट्ट पीठ घातलं तर दांडा फिरेना. दोघी आलटून पालटून फिरवायच्या आणि संध्याकाळी खांदे शेकत बसायच्या. महिनाभरात मशीन पोत्याखाली गेलं. हप्ता मात्र चालू होता. बैठकीत भांडण व्हायची वेळ आली, कोणी पसंत केलं म्हणून. नावं माझंही आलंच.

त्या गटात एक मावशी आहेत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या. त्यांनी मशीनचा दांडा हातात धरून बघितला आणि म्हणाल्या, "जात्याचा खुंटा मधोमध ठोकला तं जातं फिरीन का व बाई?"

झालं, कळलं. जात्याचा खुंटा कडेला असतो, कारण मधला खिळा म्हणजे टेकू आणि खुंटा त्याच्यापासून जितका लांब तितकं जातं हलकं. आमच्या मशीनचा दांडा मधल्या आसापासून फक्त १५ सेंटिमीटर होता. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून तो २५ सेंटिमीटरचा करून घेतला. आधी जिथं १० किलोचा जोर लागायचा तिथं आता ६ किलोत काम होतं. मी समाजकार्याची पदवी घेतलेली, बारावीपर्यंत विज्ञानही शिकले, आणि मला ते सुचलं नव्हतं.

पण त्यातली दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीही त्या विकणाऱ्यासारखीच होईन. दांडा लांब केला तर जोर कमी झाला, पण हाताला फिरावं जास्त लागतं. आधी एका फेऱ्याला हात साधारण ९४ सेंटिमीटर जायचा, आता १५७ जातो. कोणतंही साधं यंत्र काम फुकटात करून देत नाही. जोरात वाचवलं तर अंतरात द्यावं लागतं. वर थोडं घर्षणात जातं ते वेगळंच. म्हणून हातानं चालवायचं कोणतंही मशीन घेताना तीन गोष्टी करा. दांडा आसापासून किती लांब आहे ते टेपनं मोजा, आपलं स्वतःचं पीठ किंवा डाळ नेऊन चालवून बघा, आणि निदान पंधरा मिनिटं सलग चालवा. आणि लांब दांडा जोडताना आतल्या दात्यांना तो जोर झेपेल का हे कारागिराला विचारा, नाहीतर दांडा टिकेल आणि दाते तुटतील.

हातपंप ही तर आपल्या गावची सगळ्यात मोठी तरफ. तिची हकीकत महाराष्ट्राशी जोडलेली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. बोअरवर पूर्वी बिडाचे पंप बसवत. ते मुळात एका घरापुरत्या वापराचे. अख्खं गाव दिवसभर हापसायला लागलं की सांधे खिळखिळे होऊन काही महिन्यांत बंद पडायचे. १९७२ च्या दुष्काळात गावोगाव बोअर झाले आणि बंद पंपांचा प्रश्न आणखी मोठा झाला. त्याआधीच जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या लोकांनी आपल्या वर्कशॉपमध्ये मजबूत पोलादी पंप बनवले होते. त्यांत अनेक ढिल्या सांध्यांऐवजी दांड्याला एकच पक्का टेकू होता. सोलापूरच्या पंपावरून पुढं युनिसेफच्या मदतीनं सत्तरच्या दशकात 'इंडिया मार्क टू' तयार झाला. आपल्या गावात जो दिसतो तो बहुतेक तोच. पुढं तो आफ्रिकेतल्या देशांतही गेला.

त्याचा दांडा नीट बघा. टेकूपासून आपल्या हातापर्यंतचं अंतर हे टेकूपासून चेनपर्यंतच्या अंतराच्या साधारण आठपट असतं. समजा पाणी १०० फुटांवर, म्हणजे ३० मीटरवर आहे. खालच्या सिलिंडरचा व्यास अडीच इंच. तेवढ्या जाडीच्या आणि ३० मीटर उंचीच्या पाण्याचं वजन होतं साधारण ९५ किलो. प्रत्येक हापशाला आपण ९५ किलो उचलतो! पण आठपटीमुळं हाताला ते १२ किलोच लागतं. आतल्या लोखंडी सळ्यांचं वजन वेगळं, ते तोलायला दांडा मुद्दाम भरीव आणि जड केलेला असतो.

याची किंमत आपण अंतरात देतो. खालचा दट्ट्या साडेबारा सेंटिमीटर वर यायला हात आठपट, म्हणजे एक मीटर खाली न्यावा लागतो. एका पूर्ण हापशाला साधारण ४०० मिली पाणी. १५ लिटरची घागर भरायला ४० च्या आसपास हापसे. मुलांना मोजायला सांगा. ६० लागले तर एक तर हापसे अर्धवट मारले जात आहेत, नाहीतर आतली वायसर झिजली आहे.

लहान मुली दांड्याच्या अगदी टोकाला लोंबकळून हापसतात, त्यांना आपण ओरडतो. ओरडायचं ते बोटं चेनजवळ जाऊ नयेत आणि दांडा उसळून हनुवटीला लागू नये म्हणून. बाकी टोकाला धरणं बरोबरच आहे. मधे धरलं तर दुप्पट जोर लागेल. पाणी खोल गेलं की पंप जड होतो, तेही याच हिशेबानं. ४५ मीटरवर गेलं तर पाण्याचं वजन १४० किलोच्या पुढं आणि हातावर १८ किलो. आपल्या तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यात पाण्याची पातळी किती खाली गेली हे आपल्या खांद्यांना आधी कळलं.

चेनला ग्रीस लावणं, नट-बोल्ट कसणं याला कोणी साहेब यायची वाट बघायला नको. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात नव्वदच्या दशकात महिला समाख्या कार्यक्रमातून गावातल्या बायका, कित्येक निरक्षर, हातपंप दुरुस्ती शिकल्या आणि पाने घेऊन गावोगाव फिरल्या. आपल्या ग्रामसंघातून दोघी तयार झाल्या तर ग्रामपंचायतीशी बोलायची जबाबदारी मी घेते.

विहिरीच्या कप्पीबद्दल एक गैरसमज काढून टाकते. वर बांधलेली एकच कप्पी जोर वाचवत नाही. १५ किलोच्या बादलीला १५ किलोच जोर लागतो, वर घर्षणाचा थोडा. पण ती दिशा बदलते. वाकून वर ओढण्याऐवजी आपण खाली ओढतो आणि अंगाचं वजन कामी येतं, कंबर वाचते. पूर्वीच्या मोटेतही हीच अक्कल होती. बैल विहिरीकडून उताराच्या धावेवरून खाली चालायचे, म्हणजे त्यांचं स्वतःचं वजनही मोट ओढायला लागायचं. आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंनी मोटेवर आणि जात्यावर रचना केल्या, त्या पाहून-वापरून. मुलांना त्या कविता पाठ असतील तर मोट कशी चालायची हेही सांगा, त्यांनी ती पाहिलेली नाही.

आपला हातसुद्धा तरफ आहे, तिसऱ्या प्रकारची. कोपर हा टेकू, दंडाचा स्नायू कोपराच्या पुढं चार-पाच सेंटिमीटरवर जोडलेला आणि बादली त्याच्यापासून ३५ सेंटिमीटरवर. कोपर काटकोनात ठेवून १० किलो धरले तर स्नायूला सत्तर-ऐंशी किलोचा ताण येतो. कमरेचंही तसंच, वजन अंगापासून जितकं लांब तितका पाठीवरचा ताण वाढतो. म्हणून पोतं किंवा घमेलं उचलताना आधी जवळ ओढा, गुडघे वाकवा, अंगाशी धरून उठा. एकचाकी ढकलगाडीत माती चाकाच्या बाजूला जास्त भरा. चाकाच्या आसापासून हात १२० सेंटिमीटरवर असेल आणि ६० किलो माती ४० सेंटिमीटरवर असेल तर हातावर २० किलो येतात. तीच माती मागं ६० सेंटिमीटरवर भरली तर ३० किलो.

चाक आणि आस म्हटलं की मुलांना आपल्या चिमण्या दाखवा. औष्णिक केंद्रात कोळसा जाळून वाफ करतात, ती वाफ टर्बाइनच्या पात्यांना ढकलते आणि आस मिनिटाला ३००० फेरे फिरतो. म्हणजे सेकंदाला ५०. घरातल्या मिक्सरच्या मागं ५० हर्ट्झ लिहिलेलं असतं ते यावरूनच. जळालेल्या मिक्सरवरही वाचता येईल!

शेवटचं यंत्र उतरण. पोतं सरळ उचलून ट्रॉलीत टाकण्याऐवजी फळी लावून सरकवतो ती उतरण. मुंबईहून भुसावळकडं येताना कसाऱ्याला गाडीला जादा इंजिनं लावतात, ते इगतपुरीपर्यंतचा घाट चढवायला. तिथं चढ आहे ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर वर. हा चढ आपल्याला बसल्या जागी जाणवतही नाही, पण १००० टनांच्या गाडीला नुसत्या चढासाठी २७ टनांची ओढ लागते. उतरण जितकी लांब तितका जोर कमी, इथंही तोच व्यवहार.

यातूनच एक काम निघतं. शाळांत दिव्यांग मुलांसाठी उतरण बांधलेली असते. चाकाच्या खुर्चीसाठी ती १२ ला १ असावी लागते. ओटा दीड फूट उंच असेल तर उतरण १८ फूट लांब हवी. तेवढी असेल तर ४० किलोचं मूल-खुर्ची ढकलायला साडेतीन किलोच्या आसपास जोर लागतो आणि दुसरं मूलही ढकलू शकतं. पण कुठं कुठं दीड फुटाला सहाच फूट उतरण दिसते. तिच्यावर दहा किलोचा जोर लागतो, आणि खुर्ची मागं उलटायची भीती. फोटोत ती उतरणच दिसते.

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. आपल्यातल्या बऱ्याच जणी त्या समितीत आहेत आणि नुसत्या सह्या करून येतात. पुढच्या बैठकीच्या आधी मुलांना घेऊन शाळेत जा. उतरणीची लांबी आणि ओट्याची उंची मोजा, लांबीला उंचीनं भागा आणि आलेला आकडा गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून आणा. टेप नसेल तर प्रभागसंघाच्या ऑफिसात दोन आहेत, सीआरपी ताईंकडून मागून घ्या.